भुरीला वावरात पाठवू नकोस

चि. बेबी,

काल तुझा फोन ठेवला आणि मला झोप लागली नाही. ‘मावशी, बोरगाव मंजूकडचे एक जण भुरीला वावरात जागलीला न्यायला तयार आहेत, रविवारी देऊन टाकते,’ इतक्या सहज कशी गं बोललीस? आबांच्या वावरात जागलीला असलेल्या मोत्याचं काय झालं, ते विसरलीस का? रोही आणि डुकरं हरभऱ्यात शिरतात, शेतकरी जेरीस आला आहे, त्याला मी दोष देत नाही. पण जागलीचं कुत्रं विहिरीपाशी साखळीला असतं, रात्री एकटं. रानडुक्कर अंगावर आलं तर भुरी त्या अधू मागच्या पायानं पळेल कशी?

घरमालक कुरकुरतात, हे कळतं मला. पण ‘नाहीतर जिथून आणली तिथं सोडते’ हे काही बोलणं झालं? २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस झाली की रस्त्यावरचं कुत्रं त्याच्याच भागात परत सोडतात, हे खरं. भुरीचा भाग म्हणजे मूर्तिजापूरजवळचा हायवे! २०२२ च्या जूनमध्ये त्याच रस्त्यावर अमरावती-अकोल्याच्या दरम्यान ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं, गिनीज बुकात नोंद झाली. आपल्याकडे असं काम झालं याचा मलाही अभिमान आहे. पण त्या रस्त्यावर गाड्या कोणत्या वेगानं येतात, ते त्या जिवाला कसं कळावं?

‘मोठं कुत्रं कोणी घेत नाही’ म्हणतेस. घेत नाहीत, कारण सगळ्यांना पिल्लू हवं, तेही हस्कीचं! अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो आणि माणसं बर्फातलं दाट केसांचं जनावर विकत आणतात. ते दिवसभर फरशीला पोट लावून धापा टाकतं, आणि हौस फिटली की रस्त्यावर. आपल्या गावठी कुत्र्याचे केस आखूड, अंग सडसडीत. निंबाची सावली आणि पाण्याचं भांडं असलं की त्याचं भागतं. शिवाय पिल्लू पुढं कसं निघेल ते कोणालाच सांगता येत नाही. भुरीचं सगळं समोर आहे. शेजारचं लेकरू पोळी देतं तेव्हा ती दात न लावता नुसत्या ओठांनी घेते. मांजर दिसलं की मात्र आवरत नाही. दोन्ही गोष्टी लोकांना सांग, लपवू नकोस.

आधी नसबंदी उरक आणि लसीचं कार्ड हाती ठेव. मग जे तिला घ्यायला तयार होतील त्यांचं घर स्वतः जाऊन बघ. ती झोपणार कुठं, दुपारी घरी कोण असतं, गावाला गेले तर कोणाकडे ठेवतील, सगळं विचार. पहिले दोन-तीन दिवस ती खाटेखालून निघणार नाही, जेवणारही नाही. रुळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीनेक महिने. हे माहीत नसलं की माणसं चौथ्या दिवशी परत आणतात. फाटक उघडं दिसलं तर ती तुझ्याच घराकडे धावत सुटेल, म्हणून सुरुवातीला छातीचा पट्टा आणि गळ्याचा, दोन्ही लावायला सांग. नाही जमलं तर तुझ्याकडेच आणून द्यायचं, इतरांना द्यायचं नाही, असं लिहून घे.

घरमालकांशी मी बोलते, महिनाभर तरी थांबतील. बोरगावला आजच नाही म्हणून कळव.

आणि भुरी दोन दिवसांपासून अर्धीच पोळी खाते, हे तू फोन ठेवता ठेवता सांगितलंस! हिरड्या पांढुरक्या झाल्यात का बघितलंस? मागचा गोचिडताप उलटला नसेल ना? उद्या सकाळीच रक्त तपासून घे आणि मला कळव.

तुझी,
मावशी