टायर आधी, बाकी मग

नवं गिऱ्हाईक आलं की मी आधी रस्त्यांबद्दल विचारतो. गाडी समोर उभीच असते, बजेटही बोलता बोलता कळतं. मला हवं असतं ते वेगळंच. रोज कुठून कुठे जाता? पावसात गाडी काढता का? मागे कोणी बसतं का? गेल्या वर्षभरात डांबर सोडून कच्च्यात नक्की कुठे उतरलात? उत्तरं बहुधा लडाखपासून सुरू होतात. खारदुंग ला, स्पिती, झंस्कार. मी ऐकून घेतो, कारण त्या वाटांवर मीही गेलोय आणि ती ओढ मला मनापासून ठाऊक आहे. मग पुन्हा विचारतो, आणि हळूहळू खरा नकाशा पुढे येतो: लालबाग ते फोर्ट आठवड्याचे पाच-सहा दिवस, पावसाळ्यात माळशेज नाहीतर ताम्हिणी, दिवाळीच्या आसपास कोकणातलं गाव, आणि हिमालय जमला तर एखाद्या जूनमध्ये. टायर घ्यायचा तो या नकाशासाठी.

आपल्याकडे डांबरावर आणि कच्च्यातही चालणाऱ्या मोटारसायकली सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या त्याला फार वर्षं झालेली नाहीत. हिरोची इम्पल्स 2011 मध्ये आली आणि थोड्याच वर्षांत बंद झाली. 2016 मध्ये रॉयल एनफिल्डची 411 सीसीची हिमालयन आली, 2019 मध्ये हिरोची एक्सपल्स 200. त्यानंतर परळ-लालबागच्या चाळींच्या तोंडाशी उंच मडगार्डच्या गाड्या सर्रास दिसू लागल्या. हिमालयन आणि एक्सपल्स, दोन्ही गाड्यांचं पुढचं चाक 21 इंची. मोठ्या घेराचं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि दगडावर सहज चढतं, म्हणून ते माप. पण पुढचा टायर फक्त 90 मिलिमीटर रुंदीचा असतो. ब्रेक दाबल्यावर सगळा भार पुढे येतो आणि रस्त्याला टेकतो तो तळहाताहूनही लहान रबराचा तुकडा. त्या तुकड्याबद्दल मी फार आग्रही आहे.

मुंबईच्या मोटारसायकलस्वाराला शहरातले चांगले रस्ते मिळत नाहीत, हे बाहेरगावच्या माणसाला पटकन कळत नाही. जे. जे. उड्डाणपुलावर दुचाकीला बंदी. वांद्रे-वरळी सी लिंकवर बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी आणि पुण्याला जायचं तर द्रुतगती मार्गावरही बंदी. लालबागहून फोर्टला निघालेला माणूस भायखळ्यानंतर पुलाखालून मोहम्मद अली रोडने जातो, आणि गावाला निघालेला डॉ. आंबेडकर रस्त्याने हिंदमाता, दादर टीटी, सायन करत मानखुर्दला लागतो. नवं गुळगुळीत काँक्रीट चारचाकीच्या वाट्याला जातं. आपल्या वाट्याला पेव्हर ब्लॉक, चौकाचौकातलं मास्टिक, गटारांची झाकणं आणि खोदकामावर टाकलेले लोखंडी पत्रे. मेट्रो तीनच्या कामाच्या वर्षांत गिरगावात रोज गाडी चालवलेल्यांना पत्र्यावरचा पाऊस काय चीज आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणि पाऊस तर दोन हजार मिलिमीटरच्या वर, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. हिंदमाताचं पाणी ओढून घ्यायला महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन उद्यानात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. पाणी आता पूर्वीपेक्षा लवकर उतरतं, पण उतरताना रस्त्यावर बारीक गाळाचा थर सोडून जातं. साचलेल्या पाण्यापेक्षा मला त्या थराची जास्त धास्ती वाटते. पाणी दिसतं म्हणून माणूस सावध होतो. गाळावरून मात्र तो नेहमीच्या वेगात जातो आणि सिग्नल लाल झाला की पुढचा ब्रेक ओढतो.

आता नॉबी टायरचं बघा. मोठमोठे ठोकळे, मधे रुंद मोकळ्या जागा. फोटोत याच्याइतकं देखणं काही नाही. कच्च्यात ते ठोकळे मातीत रुततात, मातीलाच धरतात आणि गाडी पुढे नेतात. ओल्या काँक्रीटमध्ये रुतायला काहीच नसतं. तिथे पकड फक्त रबराच्या स्पर्शाची, आणि मोकळ्या जागा जितक्या मोठ्या तितकं टेकणारं रबर कमी. शिवाय उंच ठोकळा ब्रेकखाली वाकतो. खोडरबर उभा धरून जोरात घासला की त्याची कड दुमडते, तसंच. ठोकळा दुमडला की रस्त्याला त्याची धार टेकते, तोंड सुटतं, आणि पुढच्या चाकाची पकड काही सूचना न देता जाते. मागचं चाक सरकलं तर माणूस बहुधा गाडी सावरतो, पुढचं सरकलं तर क्वचितच.

म्हणून मुंबईत राहून वर्षभर गाडी चालवणाऱ्याला माझा सल्ला असा: पुढे रस्त्याकडे झुकणारा टायर, ठोकळे बुटके आणि जवळजवळ, रबर पावसात धरणारं. मागे हवं तर थोडा जास्त दातेरी. कच्च्यात फार फिरणारे मित्र याच्या बरोबर उलट सांगतात, पुढे नॉबी आणि मागे साधा, कारण चिखलात दिशा पुढचं चाक देतं. चिखलापुरतं त्यांचं म्हणणं खरं आहे. पण कोकणातल्या जांभ्याच्या लाल चिखलात दोन दिवस काढायला दादर टीटीच्या ओल्या सिग्नलवर वर्षातले शेकडो ब्रेक धोक्यात घालणं मला पटत नाही. तसंही तो लाल चिखल इतका चिकट की मधल्या मोकळ्या जागा गच्च भरून जातात, आणि मग नॉबी काय न् साधा काय.

दुकानात 80-20, 50-50 असे आकडे ऐकू येतात: ऐंशी टक्के रस्ता, वीस टक्के कच्चं. ते कोणत्या ठरावीक मोजणीतून येत नाहीत. ज्याचा त्याचा अंदाज असतो, त्यामुळे एका कंपनीचा 50-50 दुसरीच्या 70-30 सारखा निघू शकतो. मी त्यापेक्षा टायर हातात घेतो, बोटाने ठोकळ्याची उंची बघतो, अंगठ्याने ठोकळा बाजूला दाबतो. सहज हलला तर ओल्या रस्त्यावरही हलणार. मग बाजूची भिंत वाचतो. तिथे खूप काही लिहिलेलं असतं आणि ते वाचायची सवय फार थोड्यांना आहे. चार आकड्यांचा शिक्का म्हणजे बनल्याचा आठवडा आणि वर्ष: 1824 म्हणजे 2024 चा अठरावा आठवडा. मापाच्या पुढचा आकडा भाराचा: 54 म्हणजे 212 किलो, 64 म्हणजे 280. त्यापुढचं अक्षर वेगाचं: पी म्हणजे ताशी 150 किलोमीटर, एस म्हणजे 180.

भाराचा हिशेब मी गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडतो. जुनी हिमालयन पेट्रोलसकट साधारण 190 किलो, स्वार 75, मागे बसलेलं माणूस 60, सामान 30. एकूण साडेतीनशेच्या वर. त्यातला साठ टक्के भार मागे धरला तरी दोनशेच्या पुढे जातो, आणि घाटातल्या खड्ड्यात आदळताना क्षणभर त्याहून कितीतरी जास्त. टायरवर लिहिलेला आकडा योग्य हवा भरलेली असतानाचा. हवा कमी म्हणजे भार पेलायची ताकदही कमी. गोव्याला डबलसीट निघालेला माणूस मागच्या चाकात अंदाजपंचे हवा घेऊन आला की मी त्याला तसा जाऊ देत नाही.

रुंद टायरचा मोहही पुष्कळांना असतो. कंपनीने रिम ज्या मापासाठी दिली त्यापेक्षा रुंद टायर चढवला की रिम त्याच्या कडा आत खेचते, माथा गोल फुगतो आणि टेकणारी पट्टी वाढायच्या ऐवजी निमुळती होते. वळणावर गाडी जड लागते, चेन किंवा स्विंगआर्मला घासायची भीती वेगळीच. कंपनीचं माप मी सोडत नाही.

टायर बसवण्याचं काम मी अजून स्वतः करतो. आऱ्यांच्या चाकात ट्यूब असते, आणि ट्यूब घाईला माफ करत नाही. आधी आऱ्यांची टोकं रिमच्या आत कुठे वर आलीत का ते बोटाने चाचपायचं, रिमची रबरी पट्टी नीट बसवायची. ट्यूबला टाल्कम पावडर आणि आकार येण्यापुरती हवा. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी, कारण तिथे टायर वजनाला सगळ्यात हलका असतो. बाणाची दिशा बघायची, उलटा बसला तर सगळं काम पुन्हा. मग साबणाचं पाणी आणि लिव्हर. सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने, शेवट व्हॉल्व्हपाशी. सगळी युक्ती गुडघ्यात आहे. चढलेली कड गुडघ्याने रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून ठेवली की शेवटचा वीतभर भाग जवळजवळ हातानेच चढतो. शेवटी लिव्हरवर ताकद लावावी लागली, तर समोरची कड खोलगट भागातून वर आली आहे असं समजायचं. तिथे जोर केला की ट्यूब चिमटते आणि पंक्चर घरीच होतं.

हवा भरल्यावर टायरच्या बाजूला रिमलगत जी बारीक रेघ असते ती चाक फिरवून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना ते बघायचं. व्हॉल्व्हची चकती रिमला आवळायची नाही. ती वर, टोपणाला भिडवून ठेवायची. कच्च्यात हवा कमी करून चालवलं की टायर रिमवर किंचित सरकतो आणि ट्यूबला बरोबर ओढतो. चकती मोकळी असली की व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसतो आणि आपण वेळेत सावध होतो. आवळलेली असली की व्हॉल्व्ह मुळातून फाटतो, आणि तशा ट्यूबला ठिगळ लागत नाही. 450 सीसीच्या नव्या हिमालयनला आता आऱ्यांची ट्यूबलेस चाकं मिळतात. ज्यांना परवडतं त्यांनी ती जरूर घ्यावीत. निर्जन घाटात चाक न काढता पंक्चर काढता येणं ही मोठी सोय आहे.

टायरनंतर बाकीचं. त्यातही क्रम आहे, आणि तो मी सहसा मोडू देत नाही. चांगले ब्रेक पॅड, हात वाचवणारे हँडगार्ड, इंजिनाखाली बॅश प्लेट. हँडगार्ड फक्त थंडी-पावसासाठी नसतात. गाडी आडवी पडली की क्लच-ब्रेकच्या दांड्या शाबूत राहतात आणि माणूस गाडी चालवत घरी येतो. त्यानंतर शॉकअप. मागच्या शॉकअपचा ताण आपल्या वजनाला जुळवून घ्यायला एक पैसा लागत नाही, तरी तो फार कमी लोक जुळवतात. स्वार बसल्यावर चाकाच्या एकूण हालचालीचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा वापरला जावा. जुन्या हिमालयनला मागे 180 मिलिमीटर हालचाल आहे, म्हणजे 45 ते 60 मिलिमीटर बसावं. एकाने बसायचं, एकाने धरायचं, तिसऱ्याने मोजपट्टी लावायची.

गिरगावातल्या एक ताई माझ्याकडे येतात. पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्यांतल्या. हिमालयन घेतली तेव्हा म्हणाल्या, "काका, पाय पुरत नाहीत. खालची लिंक बदलून गाडी खाली घ्या ना."

मी म्हटलं, "ताई, लिंक बदलली की गाडीचं पोट रस्त्याजवळ येतं, स्टँडवर ती नीट कलत नाही आणि वळणाचा स्वभावही बदलतो. आधी सीटचा फोम कडेने उतरवून बघू. दोन्ही पाय सपाट टेकायची गरज नाही. एक पाय घट्ट टेकला की पुरे."

सीट शिवणाऱ्याने मांड्यांपाशी फोम निमुळता केला, रुंदी गेली आणि पाय खाली पोचला. बसायची उंची जेमतेम बोटभर उतरली असेल, पण मांड्या बाहेर फाकत नाहीत म्हणून पाय सरळ पडतो. गाडीची जमिनीपासूनची 220 मिलिमीटर उंची जशीच्या तशी राहिली, आणि त्याच उंचीच्या जोरावर ताई पावसाळ्यात माळशेजच्या पलीकडची गावं फिरतात.

सामानाच्या पेट्यांबद्दल माझं मत ठाम आहे. पत्र्याच्या चौकोनी पेट्या लांबच्या एकट्या प्रवासाला ठीक. लालबागच्या गर्दीत मात्र गाडी हँडलपेक्षा मागे रुंद होते आणि बेस्टच्या बसला घासते. कच्च्यात गाडी कलली, पाय खाली गेला, की पेटी पोटरीवर येते. पिशव्या घ्याव्यात, कापडी, वॉटरप्रूफ, दोन पट्ट्यांत सुटणाऱ्या. चाळीच्या लाकडी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर न्यायच्या झाल्या तर पिशव्याच जातात. वजन खाली आणि पुढच्या बाजूला ठेवावं. टॉप बॉक्समध्ये दहा किलो भरलं की पुढचं चाक हलकं होतं, आणि आपण निवडून घेतलेल्या टायरचं अर्धं काम वाया जातं.

जादा दिवे लावायचे तर रिले आणि स्वतंत्र फ्यूज घालूनच, मूळ वायरिंग न कापता, आणि शहरात बंद ठेवायचे. समोरच्याच्या डोळ्यांवर ते मारणं मला सहन होत नाही. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर मी बसवत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार करू देत नाही, आणि कायदा नसता तरी आमच्या गल्लीत रुग्णालयं आहेत, म्हातारी माणसं आहेत.

बरेचजण टायर बदलायला ऑक्टोबरात येतात. पाऊस संपला, आता ट्रिपा सुरू, म्हणून. मी त्यांना मे महिन्यात बोलावतो. खाचेतली झिजेची गाठ अजून उघडी पडली नसली तरी. उन्हाळ्यात अर्धा झिजलेला टायर कोरड्या डांबरावर छान चालतो, पण खाचा उथळ झाल्यावर जूनचं पाणी बाजूला सारायला जागाच उरत नाही. शिवाय नव्या टायरवर साच्यातला गुळगुळीतपणा असतो, तो निघायला सुरुवातीचे शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश, थोडं थोडं कलत चालवावं लागतं. ते काम मेच्या कोरड्या रस्त्यावर उरकलेलं बरं. एखाद्या रविवारी पहाटे सायन-पनवेल मार्गाने निघावं, जुन्या हायवेने खोपोलीपर्यंत जाऊन परत यावं. निघण्यापूर्वी, टायर गार असताना, स्वतःच्या गेजने हवा मोजावी. परतल्यावर ती दोन-चार पीएसआय वाढलेली दिसेल. ती सोडू नये. टायर गार झाला की काटा आपोआप खाली येतो.