पंपाच्या तळाशी राहिलेलं

सप्टेंबरचे दिवस. मी पुण्यात, शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात शिकत होतो. सेलूकडून अण्णांचा फोन आला. "कपाशीचं पातं लई गळायलंय रं. दुकानदार टॉनिक मार म्हणतोय. मारू का?"

टॉनिक या शब्दाचा मला आजही राग येतो. समुद्री शेवाळाचा अर्क टॉनिक, ह्युमिक टॉनिक, पातेगळ थांबवणारं एनएए टॉनिक, आणि माजलेल्या पऱ्हाटीची उंची रोखणारं क्लोरमेक्वाटही टॉनिकच! काम प्रत्येकाचं वेगळं, वेळ वेगळी.

पाऊस लागून राहिला होता, रानात पाणी तुंबलं होतं. मी म्हणालो, "आधी चर काढून पाणी बाहेर काढा. मग एनएए, पंधरा लिटरच्या पंपाला चार मिली. टोपणानं मोजू नका."

आठ दिवसांनी मोबाईलवर फोटो आला. शेंड्याची पानं चिंचोळी झालेली, भेंडीच्या पानासारखी बोटं फुटलेली, शिरा जाड. माझ्या सांगण्यावरून फवारलं होतं. त्या रात्री होस्टेलवर मला झोप आली नाही.

आमचे एक सर जळगावकडचे, कपाशीतच वाढलेले. फोटो पाहताच त्यांनी विचारलं, "याआधी पंपात काय होतं?"

अण्णांनी बांधावरच्या गाजरगवतावर 2,4-डी हे तणनाशक मारलं होतं. "धुतला की दोनदा पाण्यानं," ते म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता.

सरांनी समजावलं. दोन्ही ऑक्सिन गटातलीच. एनएए मापात दिलं तर पात्याचा देठ धरून ठेवतं. 2,4-डी मात्र कपाशीला इतकं बाधतं की शेजारच्या रानातून वाऱ्यावर आलेले तुषारही पानं वेडीवाकडी करतात. वाकडे शेंडे खुडा, दोन टक्के युरिया फवारा, असं त्यांनी सांगितलं. बरीच झाडं सावरली, बांधालगतच्या चार ओळी गेल्या.

दिवाळीला घरी जाताना मी शिवाजीनगरच्या एका मेडिकलमधून पाच मिलीची सिरिंज घेतली. पुढच्या सप्टेंबरात अण्णांनी तिनंच औषध मोजलं. फवारणीआधी आणि नंतर दहा झाडांखालची गळलेली पाती ते रोज सकाळी टोपीत वेचून मोजायचे आणि आकडा मला फोनवर सांगायचे. तो उतरत गेला.

पंप आता दोन आहेत. जुन्यावर अण्णांनी तांबड्या रंगानं लिहिलंय: तण.