आधी आपली नोंद

सदतीस वर्षे बँकेत हिशेब जुळवण्यात गेली. संगणक येण्यापूर्वीच्या काळात तेरीज जुळली नाही, की रात्री उशिरापर्यंत शाखेतून पाय निघत नसे. फरक नऊने भागला जात असेल, तर अंकांची उलटापालट झाली आहे का, ५४ च्या जागी ४५ लिहिले गेले आहे का, ते पाहावे, हे आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवले गेले. त्याहून महत्त्वाचा धडा असा, की आधी स्वतःच्या हातची नोंद तपासावी. मग दुसऱ्याच्या वहीकडे पाहावे.

निवृत्तीनंतर हा धडा मी घरातच विसरलो. आमच्या वॉशिंग मशीनखाली पाणी साचू लागले. कारण न शोधताच मी कामाच्या मावशींना म्हणालो, "तुम्ही कपडे फार कोंबता." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या तेवढेच कपडे दोनदा विभागून लावू लागल्या आणि तरीही साचणारे पाणी मुकाट्याने पुसू लागल्या. आठवडाभर हे चालले.

अखेर एका रविवारी मी स्टूल घेऊन मशीनसमोर बसलो. गळती केव्हा होते हे कळले, की ती कोठून होते हेही बहुधा उमगते. पाणी भरताना गळले, तर नळाकडची नळी पाहावी. पाणी सोडताना गळले, तर सांडपाण्याची. दोन्ही कोरड्या होत्या. दाराचे रबरही शाबूत होते. कपडे धुतले जात असताना मात्र पुढच्या बाजूला, तळाशी थेंब जमू लागले.

मशीनमधले पाणी सोडून दिले, प्लग काढला, नळ बंद केला. खाली परात सरकवून तळाच्या गाळणीचे झाकण हळूहळू फिरवून काढले. झाकणाच्या रबरी कड्यावर दोऱ्याचा एक तुकडा अडकला होता. त्यामुळे झाकण घट्ट बसत नव्हते. दोरा काढला, कडे पुसले, झाकण आवळले. गळती थांबली. खर्च शून्य.

तरीही हायसे वाटले नाही. दोन आठवड्यांपूर्वी ती गाळणी साफ करून झाकण मीच बसवले होते.

सोमवारी मावशी आल्या. "चूक माझी होती, बोल मात्र तुम्हांला लावला," असे मी त्यांना सांगितले. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "मग काका, आता एकदाच लावू ना मशीन?"

वाचकहो, गळती थांबवायला मला अर्धा तास लागला. त्या आठवड्यातले मावशींचे जादा श्रम मात्र कोणत्याही नोंदीने मला परत करता येणार नाहीत.