दर वेळी नव्या ठिकाणी

बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. सभा झाली की इतिवृत्त टाइप करायचं काम त्यांचं. कॉम्प्युटर २००९ सालचा, एकेक जीबीच्या दोन रॅमच्या पट्ट्या असलेला. गेली दोन वर्षं त्यांची एकच तक्रार होती. "फाईल उघडत नाही. आणि मी 'काल' लिहिलं होतं, ते 'गाल' कसं झालं?"

इनस्क्रिप्ट कीबोर्डवर 'ग' बरोबर 'क'च्या वरच्या ओळीत आहे. त्यामुळे माझं उत्तर तयार असायचं. "बाबा, बोट चुकलं असेल तुमचं." फाईल उघडली नाही की, "काहीतरी भलतंच दाबलं असेल तुम्ही." पुढे पुढे त्यांनी सांगणंच बंद केलं.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा कळलं, तीन वर्षांच्या इतिवृत्तांच्या फाईली गेल्यात. उरल्यात फक्त छापील प्रती. म्हटलं, स्कॅन करू आणि टेसरॅक्टकडून वाचून घेऊ. टेसरॅक्ट म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. एचपीमध्ये १९८५ ते १९९४ या काळात तयार झालं, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याला मराठी येतं. कुठल्या तरी वेबसाइटवर सोसायटीचे कागद चढवायला बाबांचा सक्त विरोध, आणि माझा लॅपटॉप ऑफिसचा. त्यामुळे जे काही करायचं ते याच डब्यावर. त्यातल्या जुन्या लिनक्समध्ये टेसरॅक्टची तिसरी आवृत्ती होती. न्यूरल नेटवर्कवाली चौथी हवी, तर सोर्स कोडपासून कंपाइल करणं आलं.

कंपाइल सुरू केलं. दहा मिनिटांत कंपायलरच कोसळला. इंटरनल कंपायलर एरर, सेगमेंटेशन फॉल्ट. पुन्हा चालवलं. ती फाईल निमूट पार पडली, पुढची कोसळली. तिसऱ्यांदा तिसरीच.

आधी वाटलं, मेमरी अपुरी पडतेय. पण तसं असतं तर लिनक्सने स्वतःच प्रोसेस मारली असती आणि कर्नलच्या लॉगमध्ये तशी नोंद केली असती. नोंद नव्हती. तरी दोन जीबीची स्वॅप फाईल केली, एका वेळी एकच फाईल कंपाइल करायला लावली. फरक शून्य. प्रोसेसरच्या पंख्यावरची धूळ ब्रशने काढली. तापमान उतरलं, कोसळणं चालूच.

मग डोक्यात प्रकाश पडला. कोडमध्ये चूक असती तर ती दर वेळी त्याच ओळीवर सापडली असती. तोच कोड, तोच कंपायलर आणि चूक दर वेळी नव्या ठिकाणी, म्हणजे संशय हार्डवेअरवर.

रात्री मेमटेस्ट लावून झोपलो. तो रॅमच्या प्रत्येक कप्प्यात ठरावीक आकडे लिहितो आणि तेच परत येतात का ते बघतो. सकाळी स्क्रीनवर लाल ओळींची रांग. पट्ट्यांची टोकं खोडरबरने घासून पाहिली, ओळी तशाच. मग एकेक पट्टी वेगळी तपासली. एक स्वच्छ. दुसरी कुठल्याही खाचेत बसवा, लालच.

कंपायलर मेमरीत पत्त्यांचं भलंमोठं जाळं विणतो. एका पत्त्यातला एक बिट उलटला की तो भलत्याच दारात जाऊन उभा राहतो आणि ऑपरेटिंग सिस्टीम त्याला तिथेच थांबवते. साध्या टायपिंगमध्ये एक बिट उलटला तर बहुतेक वेळा कुणाला कळतही नाही.

तेवढ्यात मला 'गाल' आठवला. युनिकोडमध्ये 'क'चा क्रमांक ०९१५, 'ग'चा ०९१७. दोघांत फरक नेमका एका बिटचा.

तो 'गाल' या पट्टीनेच केला हे मी सिद्ध करू शकत नाही. बोट खरंच चुकलेलं असू शकतं. पण दोन वर्षं मी एकच शक्यता धरून बसलो होतो, तीही मशीन उघडून न बघता. ऑफिसात कुणी असा बग सांगितला असता तर मी आधी चार प्रश्न विचारले असते. कधी होतं? दर वेळी होतं का? तिथेच होतं का? बाबांना मी एकही विचारला नाही.

खराब पट्टी काढली. उरलेल्या एका जीबीवर कंपाइल लावलं. कूर्मगतीने चाललं, पण संध्याकाळच्या चहापर्यंत एकदाही न कोसळता संपलं. पहिलं पान वाचून घेतलं. जोडाक्षरांत चुका होत्या, पण दुरुस्त करता येण्यासारख्या.

बाबा मागे येऊन उभे होते.

"बाबा, तुमचं चुकत नव्हतं. मशीनच खराब होतं."

"मी तेच सांगत होतो," ते म्हणाले. पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि सोसायटीच्या किल्ल्यांच्या डब्यात ठेवली.

"फेकायची नाही का?"

"राहू दे. पुढच्या वेळी तू फोनवर 'बोट चुकलं' म्हणालास की उपयोगी पडेल."