सही करण्याआधी

ठाणे,
१५ नोव्हेंबर २०२५

प्रिय मुग्धा,


तारापूरच्या औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीला लागलीस आणि तुमचा बराचसा माल पश्चिम आफ्रिकेला जातो, हे ताईकडून कळलं. फोनवर तुझं कौतुक केलंच, पण जे सांगायचं होतं ते फोनवर उरकण्यासारखं नव्हतं. हे पत्र जपून ठेवलंस तर मला बरं वाटेल. मला तुला गांबियाविषयी लिहायचं आहे.

नकाशात शोधायला जरा वेळ लागेल. तिन्ही बाजूंना सेनेगल, चौथ्या बाजूला अटलांटिक महासागर, आणि मध्ये नदीच्या दोन्ही काठांना धरून गेलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. आपल्या नाशिक जिल्ह्यापेक्षाही हा देश लहान. लोकसंख्या पंचवीस लाखांच्या आसपास. आपल्याकडे त्याचं नाव कोणी घेत नाही, पण जगभरातल्या बालकांवर या देशाचं ऋण आहे. बांजूलजवळ फजारा इथे १९४७पासून ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं केंद्र आहे. कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाणीने मुलांचे मृत्यू कमी होतात, याचे सुरुवातीचे भक्कम पुरावे गांबियातल्या खेड्यांनी दिले. आपल्या ईशानला पेंटाव्हॅलंट टोचली ना? तिच्यात हिब नावाचा एक घटक असतो. तो लहान मुलांना न्यूमोनिया आणि मेंदूज्वरापासून वाचवतो, हे आफ्रिकेत गांबियातल्याच हजारो बाळांवरच्या चाचणीने दाखवून दिलं. त्याचे निष्कर्ष १९९७ साली छापून आले. तिथल्या आयांनी आपली मुलं विश्वासाने पुढे केली, म्हणून हे झालं.

आता त्याच आयांना आजारी मूल घेऊन कुठे जाता येतं ते बघ. राजधानीत एडवर्ड फ्रान्सिस स्मॉल रुग्णालय आहे, १८५३पासूनचं. नदीच्या वरच्या अंगाला बान्सांगचं रुग्णालय. मध्ये आरोग्य केंद्रं आहेत, नर्स आहेत, लसीकरण तर अनेक मोठ्या देशांनी शिकावं इतकं चांगलं आहे. पण औषधांचा साठा संपतो. मग हातात चिठ्ठी मिळते आणि बाहेरच्या दुकानातून बाटली घ्यावी लागते. ती बाटली परदेशातून आलेली असते, कारण देशात औषधं बनतच नाहीत म्हटलं तरी चालेल. भारतातून येणारा माल त्यात पुष्कळ.

जुलै २०२२च्या अखेरीस बांजूलच्या परिसरात अतोनात पाऊस झाला, वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. पावसाळा हा तिथे मलेरियाचा आणि जुलाबांचा हंगाम. तापाने फणफणलेली मुलं दवाखान्यात येणं नेहमीचंच. पण त्या आठवड्यांत अशी मुलं येऊ लागली, ज्यांची लघवीच बंद झाली होती. बहुतेक पाच वर्षांच्या आतली, कित्येक तर नुकती चालायला लागलेली. डॉ. अबुबकर जाग्ने हे तिथले मूत्रपिंडाचे तज्ज्ञ. एरवी क्वचित दिसणारं हे दुखणं एकामागून एक येतंय, हे त्यांनी हेरलं आणि सरकारला कळवलं. आधी संशय गेला ई. कोलाय जंतूवर, कारण पूर नुकताच ओसरला होता. मग लक्षात आलं की या मुलांना घरी पॅरासिटामॉलचं किंवा सर्दी-खोकल्याचं सिरप पाजलेलं होतं.

मुग्धा, इथे थोडं थांबून विचार कर. डॉक्टरला संशय आला आहे, बाटली समोर आहे, आणि त्या बाटलीत काय आहे हे सांगू शकेल अशी प्रयोगशाळा अख्ख्या देशात नाही. नमुने परदेशी पाठवावे लागले. तोवर मुलं दगावत होती. एवढ्या लहान मुलांच्या डायलिसिसचीही तिथे पुरेशी सोय नव्हती. काहींना सीमा ओलांडून सेनेगलमध्ये डाकारला नेलं. सुमारे ७० मुलं गेली.

५ ऑक्टोबर २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जगाला इशारा दिला. हरियाणातल्या एका कंपनीच्या चार सिरपांत डायइथिलीन ग्लायकॉल आणि इथिलीन ग्लायकॉल सापडलं होतं. ती सिरपं फक्त निर्यातीसाठी बनत, आपल्या देशात विकली जात नव्हती. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते. गांबियात सुमारे ५० हजार बाटल्या आल्या होत्या. स्वयंसेवकांनी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी फिरून त्या गोळा केल्या. ४१ हजारांवर परत हाती लागल्या. उरलेल्या कुठे गेल्या असतील ते तुला सांगायला नको.

आपल्या सरकारने डिसेंबरमध्ये जाहीर केलं की कंपनीकडून घेतलेले नमुने तपासणीत योग्य निघाले. आरोग्य संघटना मात्र आपल्या निष्कर्षावर ठाम राहिली. गांबियाच्या संसदेच्या समितीने कंपनीवर कारवाईची शिफारस केली आणि काही आईवडील तिथल्या न्यायालयात गेले. कोणाचा कागद खरा यावर वाद घालणाऱ्यांना घालू दे. तुझ्या कामाचा भाग त्याआधीचा आहे.

तुला रसायन मी शिकवावं असं नाही, पण कॉलेजात जे दोन ओळींत उरकतात ते नीट लक्षात घे. पॅरासिटामॉल पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून सिरपात प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन घालतात. ते औषधी दर्जाचं घेतलं तर महाग. डायइथिलीन ग्लायकॉल कारखान्यांत ब्रेक ऑइलसारख्या कामांना लागतं, स्वस्त मिळतं, आणि दिसायला तितकंच नितळ, चवीला गोड. ड्रमवरचं लेबल बदललं की डोळ्यांना फरक कळत नाही. शरीरात त्याचं आम्ल होतं आणि ते मूत्रपिंडाच्या नलिका जाळतं. मर्यादा ०.१० टक्के आहे. गॅस क्रोमॅटोग्राफवर हे हमखास सापडतं. म्हणजे या मुलांचा जीव घेणारी गोष्ट शोधायला नवा शोध लागायची गरज नव्हती. ड्रम उघडून नमुना यंत्रावर चढवायला हवा होता.

हे विष जगाला नवीन नाही. अमेरिकेत १९३७ साली सल्फाच्या एका औषधात ते विद्रावक म्हणून वापरलं गेलं आणि शंभराहून अधिक माणसं मेली. त्यातून पुढच्या वर्षी तिथला औषध कायदा झाला. आणि आपल्या मुंबईत, १९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत, जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्यातही हेच होतं. मी तेव्हा मुंबईतच दुसऱ्या एका रुग्णालयाच्या औषधविभागात नवीन लागले होते. ती बातमी आली तेव्हा आम्ही कपाटातली एकेक बाटली खाली उतरवून बॅच नंबर वाचत होतो, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने सगळी साखळी उघडी केली: खरेदी, तपासणी, परवाने, दबाव. तो अहवाल आपल्या राज्यातल्या प्रत्येक फार्मसी कॉलेजात शिकवायला हवा होता. तसं झालं नाही, आणि २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची आजारी मुलं आपल्या नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली. कांचीपुरममध्ये बनलेल्या खोकल्याच्या औषधात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल. वीसहून अधिक मुलं दगावली.

तुला घाबरवायला हे लिहीत नाही. आपल्या व्यवसायाने आफ्रिकेला जे दिलं तेही मोठं आहे. २००१ साली डॉ. युसूफ हमीद यांनी मुंबईतून सांगितलं की सिप्ला एचआयव्हीची तीन औषधं मिळून दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी दरात देईल. तेव्हा त्याच उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर पडत. त्या गोळ्यांनी लाखो माणसं जगली. गांबियात तर तेव्हाचे अध्यक्ष याह्या जामे यांनी २००७मध्ये आपल्या जडीबुटीने एड्स बरा होतो असा दावा करून रुग्णांना खरी औषधं सोडायला लावली होती. अशा देशात आपली स्वस्त, खात्रीची गोळी म्हणजे केवढा आधार! म्हणूनच तिची खात्री जाणं मला सहन होत नाही.

पुढे काही गोष्टी सुधारल्या. १ जून २०२३पासून निर्यातीच्या खोकल्याच्या सिरपांना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची तपासणी सक्तीची झाली. गांबियाने त्याच वर्षी जुलैपासून ठरवलं की भारतातून निघणारा औषधाचा माल मुंबईतल्या एका स्वतंत्र प्रयोगशाळेने तपासल्याशिवाय जहाजावर चढणार नाही. हे करणं भाग होतं. पण माझं मत विचारशील तर ही तात्पुरती व्यवस्था आहे. आपली मुलं काय पितात हे पाहण्याचं यंत्र आणि ते चालवणारी माणसं त्या देशाकडे स्वतःची असली पाहिजेत. यंत्र विकत घेता येतं. त्याला लागणारी वीज, सुटे भाग, रसायनं आणि पगारावर टिकणारा अॅनॅलिस्ट हे दरवर्षी पुरवावं लागतं, आणि मदत करणारे देश नेमकं तिथेच हात आखडतात. आफ्रिकेची सामायिक औषध संस्था किगालीला उभी राहते आहे, तिने हे काम आधी हाती घ्यावं. आपल्या निर्यातदारांनीही त्याचा खर्च उचलायला हरकत नाही, त्याच बाजारावर त्यांनी वर्षानुवर्षं कमावलं आहे.

तोवर मात्र बांजूलच्या बाळाला मिळणारी पहिली भरवशाची तपासणी तारापुरात, तुझ्या टेबलावर होते. म्हणून एवढं कर. ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉलचा प्रत्येक ड्रम वेगळा तपास, चार ड्रमांचे नमुने एकत्र करून नाही. पुरवठादाराच्या तपासणी-प्रमाणपत्रावर भिस्त ठेवू नकोस, ड्रम मुळात कोणी भरला तेही विचार. आकडे त्याच वेळी, तुझ्याच हाताने नोंदव. एखाद्या संध्याकाळी कोणीतरी येऊन सांगेल की न्हावाशेवा बंदरात कंटेनर उभा आहे, रिपोर्ट उद्या बघू, आज सही कर. तेव्हा सही करू नकोस. नकार लेखी दे आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेव. त्यापायी नोकरी गेली तर सरळ माझ्याकडे ठाण्याला ये. तुझ्या आईला मी समजावीन.

तुझी,
सुधामावशी