बाटलीवरचं गाव

बोर्डो हे एका शहराचं नाव आहे, हे मला विशीत कळलं. तोवर बोर्डो म्हणजे इंदापूर तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत प्लॅस्टिकच्या पिंपात ढवळलेलं निळं पाणी. शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. ढवळून झालं की आबा त्यात लोखंडी विळा बुडवायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर म्हणायचे, "चुना कमी पडलाय, अजून ओत." पातं जसंच्या तसं निघालं की फवारणी सुरू. संध्याकाळी वेलीच्या काड्या, आमचे हात, आबांचं धोतर, सगळं निळसर दिसायचं.

पुढे त्या पाण्याची गोष्ट वाचली. बोर्डोजवळच्या मेदोक भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. वाटसरूंनी घड तोडू नयेत, एवढाच हेतू. 1882 मध्ये मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की डाउनी रोगानं आतल्या वेलींची पानं झडली आहेत, रस्त्याकडेच्या मात्र हिरव्या आहेत. 1885 मध्ये त्यांनी हा उपाय जगाला सांगितला. त्याच सुमाराला आमच्याकडे नीरा डाव्या कालव्याचं पाणी बारामतीच्या कोरड्या रानात पोचत होतं. दोन वाटा एकमेकींना ठाऊक नसताना निघाल्या आणि पुढे आमच्या बांधावर भेटल्या.

आमचं घर माळकरी. तुकोबांची पालखी निमगाव केतकीहून इंदापूरला जाते, ती आमच्या आषाढाची वाट. वाइनची बाटली आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नाही, येणारही नाही. पण माझा आतेभाऊ नोकरीनिमित्त बरीच वर्षं फ्रान्समध्ये आहे. सुट्टीला आला की पुण्याच्या त्याच्या घरी एखादी बाटली उघडतो आणि ती ज्या गावची, त्या गावाबद्दल बोलत बसतो. मी घोटभर घेतो आणि जास्त ऐकतो. द्राक्ष पिकवणाऱ्याला दुसऱ्याच्या द्राक्षाचं कुतूहल असतंच.

पहिली बाटली व्हूव्रे गावची, लुआर नदीच्या खोऱ्यातली. द्राक्ष शेनिन ब्लांक. महाराष्ट्रातल्या वायनऱ्यांनी हीच जात मोठ्या प्रमाणावर लावली आहे, म्हणून मला ओळखीची चव भेटेल असं वाटलं होतं. घोट घेतला आणि जिभेच्या कडा आंबटपणानं उभ्या राहिल्या. तिकडे वेल हिवाळाभर झोपते, वसंतात फुटते आणि थंडावा उतरू लागला की घड तोडतात. आमच्याकडे ती झोपतच नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी; वर्षातून दोनदा आम्ही तिला कात्रीनं फुटायला लावतो. डिसेंबरात तिकडे वेल उघडीबोडकी उभी असते, तेव्हा आमच्या मण्यात पाणी भरत असतं. फेब्रुवारीत ऊन चढतं, गोडी वाढते, आंबटपणा पळून जातो. जात एकच, पण ऋतू वेगळे, म्हणून स्वभाव वेगळा.

दुसऱ्या बाटलीनं मात्र मला हलवलं. ज्युरा या डोंगराळ भागातली पिवळी वाइन, व्हँ जोन. साव्हान्यँ जातीच्या द्राक्षाची वाइन लाकडी पिंपात भरून ठेवायची आणि सहा वर्षं तीन महिने हात लावायचा नाही. एरवी पिंपातली वाइन उडून कमी झाली की भर घालतात. इथे घालत नाहीत. रिकाम्या जागेत वाइनवर किण्वाचा पांढरा पापुद्रा धरतो आणि त्याच्या पांघरुणाखाली ती पिकत राहते. आमच्या आजीच्या हिशेबात लोणच्यावर असा पापुद्रा आला म्हणजे बरणी गेली. ज्युरातल्या माणसांनी तोच पापुद्रा जपला. एवढ्या वर्षांनी लिटरमागे 62 सेंटिलिटर उरते असं मानतात, म्हणून तिची बाटलीही 62 सेंटिलिटरचीच, बुटकी आणि रुंद खांद्यांची.

"पिऊ नको, आधी वास घे," आतेभाऊ म्हणाला. मी पेला नाकाशी नेला आणि थेट आजीच्या चुलीपाशी पोचलो. तव्यावर परतलेला मेथीदाणा! मला भास झाला असं वाटलं. पण नंतर कळलं, मेथीच्या वासामागे सोटोलोन नावाचं जे द्रव्य असतं, तेच या वाइनीतही तयार होतं. हजारो मैलांवरच्या तळघरात सहा वर्षं गप्प बसलेल्या पिंपातून माझ्या घराचा वास आला. त्या क्षणी ते गाव मला परकं राहिलं नाही.

त्याच ज्युरात द्राक्षं निदान सहा आठवडे सुकवून त्यांची दाट गोड वाइनही करतात. पूर्वी ती गवताच्या काडावर पसरत. ऐकताना सांगलीकडच्या बेदाण्याची शेडं डोळ्यांपुढे आली. वेलीच्या मुळांचीही अशीच गंमत. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीनं फ्रान्सच्या बागा उजाड केल्या आणि अमेरिकी रानवेलींच्या मुळांवर फ्रेंच वेलींचं कलम करून त्या वाचवल्या गेल्या. आमच्या बागेतला डॉगरीज खुंटही टेक्सासच्या रानातला; खारवट पाणी आणि दुष्काळ सोसतो म्हणून आम्ही तो लावला. मूळ परकं असलं, तरी चव मातीचीच येते.

ही मातीची चव आबांना ठाऊक होती. "माळावरचं द्राक्ष बारीक पण कडक गोड. काळीतलं फुगतं, चव पाणचट." बोरीच्या, निमगावच्या, भीमाकाठच्या बागांमधला फरक ते एका मण्यावर सांगत. फ्रेंच लोक याला तेरुआर म्हणतात, आबा जमिनीचा गुण म्हणायचे. पण फ्रेंचांनी त्या गुणाला 1935 मध्ये कायद्याचं बळ दिलं आणि बाटलीवर ठळक अक्षरात गावाचं नाव लिहिलं.

आता तर वाइन आमच्या वारीच्या वाटेवरच आहे. पालखी रोटीचा घाट चढते, त्या रोटीत फ्रेंच शातोच्या, म्हणजे गढीवजा वाड्याच्या, धर्तीवर बांधलेली फोर सीझन्सची वायनरी आहे. बारामती, इंदापूर मागे टाकून सराटीला नीरा ओलांडली की अकलूजला फ्रातेली वायनरीच्या बागा, इटालियन भागीदारीतल्या. मधल्या साऱ्या टापूत खाण्याची द्राक्षं पिकतात. निर्यातीच्या प्रत्येक बागेला नोंदणी क्रमांक असतो. म्हणजे कुठला घड कुठल्या रानातला, हे कागदाला माहीत असतं. खाणाऱ्याला माहीत नसतं. देवगडचा हापूस, सासवडचं अंजीर आपण नावानं मागतो. द्राक्ष मात्र हिरवं की काळं, एवढंच विचारतो.

ज्युरातलं शातो-शालों हे पिवळ्या वाइनीचं सर्वांत मानाचं गाव. ज्या वर्षी द्राक्ष नावाला साजेसं पिकत नाही, त्या वर्षी तिथले शेतकरी गावाचं नाव बाटलीवर लावतच नाहीत. 1974, 1980, 1984, 2001: या सालांची शातो-शालों मिळत नाही. नाव लावण्यात मान आहे, तसं ते न लावण्यातही आहे, हे मी त्या गावाकडून शिकलो.

येत्या फेब्रुवारीपासून आमच्या पेटीवर मी गावाचं नाव लिहिणार आहे. अवकाळी पावसानं मणी तडकले, तर त्या वर्षी लिहिणार नाही. बारामती-इंदापूरच्या बागाईतदारांनो, तुम्हीही लिहा. आणि तुम्ही, द्राक्षं विकत घेणारे, भाव विचारण्याआधी एकदा विचारा: कोणत्या गावची?