कॉलम कापण्याआधी

जुन्या विलीज जीपचं स्टेअरिंग बदलून मागणारा माणूस बहुधा गगनबावड्याचा घाट चढून-उतरून कंटाळलेला असतो. वळणावर दोन्ही हातांचा जोर लागतो आणि सपाटीला चाक बोटभर सैल फिरतं. “मिस्त्री, पॉवरचा बॉक्स टाका,” एवढंच तो सांगतो. बॉक्स मिळतो, पंप बसतो, ब्रॅकेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणीही करून देईल. जीव मात्र स्टेअरिंग कॉलमवर अवलंबून असतो.

दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते. तसल्या गाडीच्या स्टेअरिंगला हात लावायचा प्रश्नच नाही. विलीज अजून रोजच्या वापरात आहे, म्हणून तिच्यात बदल मला मान्य आहे.

तिच्या मूळ रॉस बॉक्समधला कॅम आणि चाकापर्यंतचा शाफ्ट अखंड असतो. शाफ्ट पोकळ, आतून हॉर्नची वायर. बॉक्स निघाला की शाफ्टही निघाला. नवा बॉक्स वेगळ्या जागी, वेगळ्या कोनात बसतो. तिथपर्यंत पोचायला मधला शाफ्ट आणि दोन युनिव्हर्सल जॉइंट लागतात.

घाईतले कारागीर इथे जुना शाफ्ट कापून त्यालाच जॉइंट वेल्ड करतात. हे मला अजिबात पटत नाही. शाफ्टचं पोलाद वेल्डिंगच्या उष्णतेनं सांध्याशेजारी कडक आणि ठिसूळ होऊ शकतं, आणि वरून ते दिसत नाही. जॉइंटच्या मापाची स्प्लाइन नव्या शाफ्टवर कापून घ्यावी. आवळायचा बोल्ट शाफ्टवरच्या खाचेतून जावा, म्हणजे तो ढिला झाला तरी शाफ्ट सटकत नाही. ज्या गावात लेथ आणि मिलिंगची एवढी कामं चालतात, तिथे स्प्लाइन कापून मिळत नाही ही सबब चालणार नाही.

कोनाचंही बघावं लागतं. एकच जॉइंट ३० अंशांत वाकला, तर चाक एकसारखं फिरवूनही पुढचा शाफ्ट कधी १५ टक्के जलद, कधी १३ टक्के संथ फिरतो. हाताला स्टेअरिंग एका फेऱ्यात दोनदा जड, दोनदा हलकं लागतं. दोन्ही जॉइंटचे कोन सारखे आणि मधल्या शाफ्टचे योक एका रेषेत ठेवले की हा फरक मिटतो. कॉलमच्या खालच्या टोकाला नवं बेअरिंग हवंच. शाफ्टचं ते टोक पूर्वी बॉक्सच धरून ठेवायचा.

मूळ शाफ्ट म्हणजे चालकाच्या छातीवर रोखलेला भाला. अमेरिकेत मोटारींना धडकेत दबणारा कॉलम १९६८ पासून सक्तीचा झाला. दोन जॉइंटचा वाकडा शाफ्ट धडकेत दुमडू शकतो, एकात एक सरकणारा असेल तर आणखी चांगलं. बदलाचा मला सर्वांत मोठा वाटणारा फायदा हाच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, तेव्हा काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी दिली. त्यासाठी चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं लागतं. म्हणून चॅसिसला नवं भोक पाडू नका, ब्रॅकेट असलेल्याच भोकांत बोल्टनं बसवा. आणि मूळ कॉलम भंगारात देऊ नका. ग्रीस लावून, गुंडाळून, गाडीचा नंबर लिहून घरी ठेवा.